मध्यंतरानंतरची गोष्ट

सिनेमाबद्दलची माझी सगळी मतं मध्यंतरापर्यंतची आहेत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी हटकायला नको. पडद्यावर अवकाशयान उडो, शहर बुडो, नाहीतर तळघरात प्रेत सापडो; मध्यंतरात समोसा पोटात गेला, गार हवेत खुर्ची जरा मागे रेलली, की माझी मान खाली येते. त्यानंतर जग वाचलं की बुडालं, ते मला बायको घरी जाताना सांगते. वनिताचं कोपर आणि माझी बरगडी यांची ओळख अशा अंधारातच वाढलेली आहे.

गेल्या आठवड्यात नागपूरला असाच एक सिनेमा पाहिला. पृथ्वीवरचं पाणी आटलंय आणि काही शहाणी माणसं दुसऱ्या ग्रहावर पाणी शोधायला निघालीत, इथपर्यंतचा मी साक्षीदार आहे. त्यांना ते मिळालं की नाही, ठाऊक नाही. नवल म्हणजे या खेपेला कोपर आलंच नाही. डोळे उघडले तेव्हा दिवे लागले होते आणि वनिता खांद्याला पर्स लावून उभी होती. "चला, झाला," म्हणाली. उठवलं का नाही, असं विचारलं तर नुसती हसली.

तिचं माहेर कारध्याला. मुक्कामाला तिकडेच निघालो होतो. वैनगंगेच्या पुलावर गाडीची काच खाली केली आणि तो वास आत आला. कापलेल्या धानाचा. त्यात अर्धा चिखल असतो, अर्धी गोडूस तणीस, आणि कुठल्या तरी चुलीवर शिजणारा नवा तांदूळ. हा वास आला की मी भूगोलाचा मास्तर असूनही माझा नकाशा हलतो. नदी जागेवर राहते, पूल जागेवर राहतो, आणि मी आंबागडच्या आमच्या शेतात, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून खुनाची गोष्ट सांगत असतो.

पण आधी मतं.

परग्रहवासी या जातीवर माझा राग आहे. एवढ्या लांबून येतात आणि उतरतात कुठे, तर काचेच्या उंच इमारतींच्या शहरात. आमच्या बपेऱ्याला कधी कोणी उतरलं नाही. उतरलं असतं तर मध्य प्रदेशच्या हद्दीवरच्या तपासणी नाक्यावर कोणीतरी तबकडीला हात दाखवून विचारलं असतं, "धान आहे का आत? ताडपत्री काढा." जग जिंकण्याचा उत्साह तिथेच निम्मा झाला असता. शास्त्रज्ञांबद्दलही एक तक्रार आहे. ते नेहमी काचेवर का लिहितात? मी फळ्यावर लिहिलेलं मुलांना वाचता येत नाही, आणि यांचं म्हणे आरपारही समजतं. रहस्यपटांचं वेगळंच. तिथे मोबाइलची बॅटरी बरोबर खुनी दाराशी आल्यावर संपते. आमच्याकडे ती केव्हाही संपते, आणि दाराशी बहुतेक विम्याचा माणूस असतो.

ही मतं ऐकून घेणारा, त्यांच्यावर हसणारा आणि वरून ती खोडून काढणारा प्रेक्षक मला आयुष्यात एकदाच मिळाला. तो धान कापत होता.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बाबा ओल्या धुऱ्यावरून घसरले आणि त्यांचा उजवा हात गळ्यात आला. धान पिकून पिवळं झालेलं. कापणीचं यंत्र बोलवावं, तर आमच्या बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, सखल, पाय घोट्यापर्यंत रुतत होते. शिवाय उभ्या धानातच लाखोळी टाकलेली, तिचे हिरवे कोंब वर आले होते. यंत्र फिरलं असतं तर वर्षभराचं वरण चिखलात गेलं असतं. कापणाऱ्या बायांशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि बाया सगळ्यांनाच हव्या होत्या. त्यात बंगालच्या उपसागरात काहीतरी घोंघावतंय अशी बातमी. बाबा दिवसातून कितीदा तरी आंबागडच्या डोंगराकडे पाहायचे. तिथल्या किल्ल्यावर ढग दिसला की त्यांचा चांगला हात नकळत मोडक्या हातावर जायचा.

माझ्या शाळेला सुट्टी लागली होती. मी बाबांना म्हणालो, तुम्ही बसा, मी पाहतो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला चांगली आठवते, कारण पहिल्याच सकाळी विळा धरून मी धानाऐवजी स्वतःचं बोट कापलं.

बायांच्या गटाच्या म्होरक्या कौसल्याकाकू. आमच्या घरामागेच त्यांचं घर. माझं बारसं जेवलेल्या, त्यामुळे मला धाकात ठेवण्याचा हक्क त्यांना जन्मापासूनचा. त्यांनी माझ्या बोटाला लुगड्याची चिंधी बांधली आणि विळा काढून घेतला.

"बाबू, तू धुऱ्यावर बस गा. इथं रक्त सांडू नोको, पिकाले लागन."

"मंग मी काय करू काकू?"

"बोल काहीबाही. शाळेत तेच करते ना?"

भूगोल नको, असं फुलवंताबाईंनी लगेच बजावलं. फुलवंताबाई म्हणजे गटातल्या सगळ्यात तिखट. त्या म्हणाल्या, "शिनेमा सांगा मास्तर. नागपूरले जातो जातो म्हनता, काय पाहून येता, ते तं कळू द्या."

असा मी कामाला लागलो. धुऱ्यावर बसायचं, ओळ पुढे सरकली की आपणही सरकायचं, आणि सांगत राहायचं. या प्रेक्षकांचे चेहरे दिसत नसत. दिसायच्या त्या वाकलेल्या पाठी आणि डोक्याला बांधलेले दुपट्टे. दाद कळायची ती विळ्यांच्या आवाजावरून. खर्र, खर्र, खर्र असा आवाज चालू असला की गोष्ट ठीक चाललीय. तो एकदम थांबला की प्रसंग रंगला. आणि इथेच घोटाळा होता. प्रसंग फार रंगला की कापणी थांबायची, आणि आंब्याखाली बसलेल्या बाबांची हाक यायची, "लय रंगवू नोको रे." कंटाळवाणं सांगितलं तर बाया आपसांत बोलायला लागायच्या, आणि कंटाळलेली बाई उद्या दुसऱ्याच्या शेतात दिसू शकते, हे बाबांना ठाऊक होतं. मध्यम रंगवायचं, ही कला मी त्या हंगामात शिकलो. अजून कुठल्या दिग्दर्शकाला ती जमलेली पाहिली नाही. निदान मध्यंतरापर्यंत तरी.

पहिल्यांदा मी विज्ञानपट काढले. एक माणूस यंत्रात बसून मागच्या वर्षात जातो, असं सांगितलं.

"कायले जाते?" फुलवंताबाई.

"झालेली चूक सुधारायले."

"मागच्या साली बी कापणीच होती बाप्पा. दोनदा कापा लागन त्याले."

मग मी यंत्रमानवाची गोष्ट घेतली. तो एका श्रीमंताच्या घरी स्वयंपाक करतो, धुणी धुतो, पोरं सांभाळतो, आणि एक दिवस बिघडून मालकाच्या जिवावर उठतो. माणसाने निसर्गावर कुरघोडी करू नये वगैरे जे काही दिग्दर्शकाच्या मनात होतं, तिथपर्यंत मी पोचलोच नाही. फुलवंताबाई उभ्या राहिल्या, विळा कमरेला टेकवला.

"त्याले मजुरी काय देत होते?"

"मजुरी नाही. बॅटरी चार्ज करून द्याचे."

"आन सुट्टी?"

"सुट्टी पण नाही."

"मंग बिघडला कायले म्हनता? चांगला झाला म्हना."

सगळ्या पाठी हसून हलल्या. त्या सिनेमावर मोठ्या पेपरांत लिहिलेलं मी नंतर वाचलं. इतकं थोडक्यात कोणालाच जमलेलं नव्हतं.

एका दुपारी शिदोऱ्या सुटल्या असताना कौसल्याकाकू माझ्याजवळ येऊन बसल्या. भातावर झिंग्याची चटणी घेतली, आणि माझ्याकडे न बघता बोलल्या, "टिकारामनं निरोप धाडला आहे. ट्रॅक्टरनं नेतो, ट्रॅक्टरनं आनतो, सकाळी आलूभजे देतो म्हनते. पोरी चुळबूळ करून राहिल्या."

टिकारामभाऊ म्हणजे पलीकडच्या शेताचे मालक. माणूस वाईट नव्हता. त्यांचंही धान उभंच होतं. आलूभज्यांपुढे आमच्याकडे होतं काय? आईचा चहा, आणि मी.

कापणी आटोपत आली होती, पण खरं काम उरलं होतं. कापलेला धान बांधीत आडवा पसरलेला असतो. त्याला कडपा म्हणतात. तो वाळला की भारे बांधून उंच जागेवर पुंजणं रचायचं. पुंजणं रचलं, वर ताडपत्री आली, की पाऊस येवो नाहीतर तबकडी. पण कडपा जमिनीवर असताना पाऊस आला, तर लोंबीतच दाणा फुटतो आणि वर्ष हातचं जातं. बायांनी भारे बांधून दिले नाहीत, तर मोडक्या हाताचे बाबा आणि मोडक्या बोटाचा मी काय करणार होतो?

तेव्हा मी रहस्यपट काढला.

डोंगरातला एक बंगला. बाहेर धो धो पाऊस, पूल वाहून गेलेला, फोन बंद. आत एक डॉक्टर, त्याची बायको, एक वकील, एक स्वयंपाकी आणि एक म्हातारा चौकीदार. सकाळी डॉक्टर मेलेला, आणि खोलीला आतून कडी. विळे थांबले. बाबांनी हाक मारली. विळे सुरू झाले, पण दबकत, कान माझ्याकडे ठेवून. संध्याकाळी मी गोष्ट बरोबर अशा जागी तोडली, की वकिलाच्या खोलीतून डॉक्टरचा चष्मा सापडला आहे. दुसऱ्या दिवशी एकही बाई कमी नव्हती. त्या संध्याकाळी पुन्हा तोडली. टिकारामभाऊंचा ट्रॅक्टर चौकातून रिकामा परत गेला असं कळलं, आणि जेवताना बाबा म्हणाले, "पोट्टा कामाचा निघाला." आयुष्यात पहिल्यांदा.

फक्त एक अडचण होती. खून कोणी केला, ते मला माहीत नव्हतं. मध्यंतर झालं होतं ना.

मी वनिताला फोन केला. ती भाऊबीजेला कारध्याला गेलेली.

"वनिता, तो बंगल्याचा सिनेमा. खुनी कोण होता?"

"तिकीट झोपायले काढलं होतं ना?"

"बाबांच्या धानाचा प्रश्न आहे."

"मग जागे राहायचं होतं," आणि हसत हसत तिने फोन भावाच्या पोराकडे दिला. पोराने मला त्याच्या नव्या सायकलची माहिती दिली.

मग परीक्षणं शोधून वाचली. परीक्षण लिहिणारे सगळे सज्जन निघाले. शेवट सांगून तुमची मजा घालवणार नाही, असं प्रत्येकाने निक्षून लिहिलेलं. शेवटी तोच सिनेमा मोबाइलवर लावला, उशीला टेकलो, आणि चष्मा सापडायच्या थोडं पुढे जाऊन पुन्हा झोपलो. सकाळी मोबाइल छातीवर होता आणि बॅटरी संपलेली. रहस्यपटांवरचा माझा आक्षेप मी तेव्हापुरता मागे घेतला.

शेतात त्या दिवशी मी नुसतं पाणी घातलं. पाऊस वाढवला. चौकीदाराला खोकला लावला. स्वयंपाक्याला कितीदा तरी बाहेर पाठवला, तेव्हा काकू म्हणाल्याच, "हाच आहे. चुलीवर दूध ठेवून मानूस इतक्यांदा बाहेर जाते का?" मी गूढ हसलो. त्यांच्या सुनेने, प्रणालीने, वाळता कडपा उलटता उलटता मान वर करून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही.

संध्याकाळी आईने बातमी आणली. प्रणालीने तो सिनेमा आपल्या मोबाइलवर पूर्ण पाहिला होता, आणि घरी जाताना सगळ्या गटाला शेवट सांगून टाकला होता.

मी बाबांना सांगितलं. ते अंगणात उभे राहून किल्ल्याकडे पाहत राहिले. डोंगराच्या मागून ढग असे येत होते, जसे सिनेमात येतात. फरक इतकाच, की सिनेमात मला झोप लागते.

सकाळी आम्ही दोघं लवकरच शेतावर गेलो. हवा कोंदट होती, पाखरं खाली उडत होती. कडपा वाळून खडखडीत झाला होता, बांधायला अगदी तयार. चौकाकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. तो थांबला. थोडा वेळ तसाच धडधडत राहिला. मग निघून गेला.

"येतीन का?" बाबांनी विचारलं. मला विचारून काही समजेल, असा प्रश्न बाबांनी मला त्याआधी कधी केला नव्हता. मी "येतीन" म्हणालो, तेव्हा मला स्वतःलाच माझा आवाज परका वाटला.

मग बोडीच्या, म्हणजे आमच्या तळ्याच्या, पाळीवर रंगीत दुपट्टे दिसले. एकामागून एक, पूर्ण गट. पुढे कौसल्याकाकू.

"जयभीम काकू," मी म्हणालो. 

"जयभीम. चला वो, दोऱ्या घ्या. आभाळ भरून राहिलं."

"काकू, शेवट तं मालूम झाला म्हनते तुमाले."

"झाला ना. पिरनालीनं सांगलं. डॉक्टरचा जुळा भाऊ होता म्हने. कुठून काढला तो भाऊ, काय मालूम. आधी कुठं नाव नाही, गाव नाही."

"मंग काहून आल्या?"

काकूंनी कंबरेला पदर खोचला. "नाटकाचा शेवट मालूम नसते का आपल्याले? मंडईच्या जत्रेत दरसाल पाहतो. कोन मरते ते आधीच मालूम, तरी आपण पोतं घेऊन पुढंच बसतो ना?" आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्यांनी माझ्याकडे तोंड करून सांगितलं, "तुले शेवट मालूम नाही, हे आमाले मालूम आहे. तू आता काय सांगते, ते पायचं आहे. काल रातीपासून पोरी हासून राहिल्या."

रहस्य असं माझ्या डोळ्यांदेखत जागा बदलून बसलं. बंगल्यातला खुनी कोण, याच्याशी आता कोणाला कर्तव्य नव्हतं. मास्तर कसा फसतो, हे पाहायला सगळा गट आलूभजे सोडून आला होता.

आणि मी फसलो, दिवसभर, यथासांग. बाया भारे बांधत होत्या, डोक्यावर घेऊन पुंजण्याकडे नेत होत्या. मीही यावेळी भारे उचलत होतो आणि धापा टाकत सांगत होतो. वकिलावर संशय घेतला, तर दोन बाया तोंडात पदर कोंबून हसल्या. डॉक्टरच्या बायकोवर घेतला, तर कोणी हसलं नाही, म्हणून मी तिकडेच थोडा पुढे गेलो, तेव्हा तर भारेच खाली पडायची वेळ आली. बाबा आंब्याखालून उठून आले होते. एका हाताने पुंजण्यावर रचणाऱ्या बाईला भारा कसा लावायचा ते दाखवत होते, आणि "मंग?" म्हणत होते. चक्क बाबा. लय रंगवू नको म्हणणारे.

शेवटचे भारे उरले तेव्हा वारा सुटला. आता सांगा, असं फुलवंताबाईंनी फर्मावलं. मी सगळ्यांकडे पाहिलं आणि जे तोंडात आलं ते बोललो. त्या बंगल्यातला स्वयंपाकी माणूस नव्हताच. तो यंत्रमानव होता. डॉक्टरने त्याला भविष्यातून आणला होता, मजुरी देत नव्हता, सुट्टी देत नव्हता. म्हणून दूध उतू जाऊ देऊन तो सारखा बाहेर जायचा, दुसरीकडे काम मिळतं का ते विचारायला.

 मग फुलवंताबाई डोक्यावरचा भारा सावरत म्हणाल्या, "बराबर केलं त्यानं."

आणि प्रणाली, पूर्ण सिनेमा पाहिलेली एकमेव बाई, म्हणाली, "मामंजीपेक्षा बेस सांगता तुमी. शिनेमाचं राहू द्या, हेच ठेवा." तिचे सासरे, म्हणजे काकूंचे यजमान, गावात शिकारीच्या बाता मारण्यात नावाजलेले होते. तिच्या तोंडून यापेक्षा मोठा पुरस्कार शक्य नव्हता.

ताडपत्रीची शेवटची दोरी बांधत होतो तेव्हा पहिले थेंब आले. बाया पदर डोक्यावर घेऊन, हसत, चिखल तुडवत निघून गेल्या. बाबा आणि मी पुंजण्याला पाठ लावून ताडपत्रीच्या आडोशाला उभे राहिलो. पाऊस वर वाजत होता. वाळक्या धानाची ऊब पाठीला लागत होती. बाबा म्हणाले, "जुळ्या भावापेक्षा हेच बरं."

त्यानंतर कितीतरी सिनेमे पाहिले. आता पडदे मोठे झाले, पडद्यावर यान उतरलं की खुर्ची थरथरते. सिनेमा पाहून आलेले मित्र एकमेकांना बोलू देत नाहीत. सांगू नको, माझा अजून राहिलाय. मी त्यांच्यात बसतो आणि मला आमच्या बाया आठवतात. शेवट कळला की गोष्ट संपली, असं ज्यांना वाटतं त्यांची मला थोडी कीव येते. अर्थात हे मत मध्यंतरापर्यंतच जागणाऱ्याचं आहे. त्याचं वजन ते किती.

परवा कारध्याहून पुढे आंबागडला गेलो. आमच्या वरच्या बांध्या आता सुकतात, तिथे यंत्र जातं. सखल बांध्या अजून बायाच कापतात. प्रणाली गटाची म्होरकी झाली आहे. कौसल्याकाकूंचे गुडघे गेले, त्या आता वाकत नाहीत. पण कापणी लागली की येऊन धुऱ्यावर बसतात, बरोबर माझ्या जागेवर. बाबा त्यांच्या शेजारी. दोघंही कानाने जरा मंद झालेत, म्हणून एकमेकांशी वेगवेगळ्या विषयांवर बोलत असतात.

मला पाहून काकूंनी बाजूची जागा हाताने साफ केली. खाली विळे चालले होते. वनिता धुऱ्याच्या कडेने चहाची किटली घेऊन येत होती.

"नवीन पाह्यलं का गा काही?"

"पाह्यलं काकू. पृथ्वीवरचं पाणी संपते म्हनते."

विळे थोडे मंदावले.

"झोपला असशीन."

"झोपलो."

वनिताने कपात चहा ओतला, माझ्याकडे पाहिलं नाही. काकूंनी पाय लांब केले, बाबांना कोपराने ढोसलं, आणि कान माझ्याकडे वळवला.

"मंग बरं झालं. सांग."